कोठीतली सोयरीक

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते वडवणीच्या ज्ञानोबा कोठीवाल्यांचे, आणि माझं लग्न ठरायच्या दिवशी त्यांनीच मला पत्र्याच्या कोठीत घालून वरून कडी लावली होती. ते माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणतो.

दादा चौथी शिकले आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी धान्याच्या कोठ्या केल्या. सकाळी सातला त्यांचा हातोडा सुरू झाला की गल्लीत कुणाला घड्याळ लागायचं नाही (आणि कुणाला झोपही लागायची नाही!). त्या हातोड्यावर त्यांनी माझ्या बहिणीचं लग्न केलं आणि मला बी.एस्सी., बी.एड. केलं. घराण्यातला पहिला पदवीधर! त्यात दादांचे कान मात्र गेले.

कोठी तपासायची त्यांची एक पद्धत होती. तयार कोठीत घरातलं एक पोर उतरवायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाहेरून ओरडायचं, "चांदणी दिसती का?" पत्र्याला सुईएवढं छिद्र असलं तरी आतल्या अंधारात उजेडाचा ठिपका चमकतो. ती चांदणी. दिसली की पोरानं तिथं आतून टकटक करायची. दादा बाहेरून हात लावून जागा धरायचे आणि तिथं डाख लावून छिद्र बुजवायचे. चांदणी राहिली तर ओल शिरते आणि शेतकऱ्याची वर्षाची ज्वारी किडते. प्रकाश सरळ रेषेत जातो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी कोठीत बसून शिकलो!

तर, मी अंबाजोगाईला विज्ञानाचा मास्तर झालो. सुनीताला बघून आलो. मला ती आवडली, इतकी की परतीच्या बसमध्ये मी कंडक्टरला दोनदा तिकीट मागितलं. तिचाही होकार आला. आता तिच्याकडचे लोक घर बघायला येणार होते, दुपारी चारला. आणि साडेतीनला दादा म्हणाले, "तेलगावची कोठी आज न्यायची हाय. उतर आत."

"दादा, मी पांढरा शर्ट घातलाय!"

"कोठी नवी हाय. तुझ्या शर्टापेक्षा साफ हाय."

बहीण सासरी गेल्यामुळे हे पद रिकामं होतं. मी स्टुलावरून आत उतरलो. दादांनी झाकण टाकलं, झाकण हलू नये म्हणून कडी अडकवली, आणि तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पाहुणे अर्धा तास आधी!

"अवो, पाव्हणे आले! हात धुवा, टोपी घाला!" माय ओरडली आणि दादांना ओढत घेऊन गेली. मी कोठीत राहिलो.

मी दोनदा "दादा!" म्हणालो. ऐकणार कोण? तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मायनं पाहुण्यांना सावलीला म्हणून दादांच्या पत्र्याच्या शेडमध्येच बसवलं होतं, कोठीपासून चार हातांवर! आता ओरडावं तर नवरदेव डब्यात सापडणार.  धान्य काढायचं खालचं सरकतं झाकण मी बोटानं जरा लोटलं. हवा आली, आणि पाहुण्यांचे पाय दिसले. सुनीताचे वडील होते आणि तिची आत्या होती. आत्याचा पाय सारखा हलत होता. लक्षण चांगलं नव्हतं.

"पोरगा कुठंय?" आत्या म्हणाली.

"आत्ता हितंच होता," माय म्हणाली. (खरंच होता!)

"पाव्हणे यायच्या टायमाला पोरगा गायब? म्या सांगितलं व्हतं भाऊ, पत्रा बडवणाऱ्याचं घर हाय. शिकलं तरी वळण कुठून येणार?"

 सोयरीक मोडत होती आणि मी ती कोठीतून ऐकत होतो.

दादा म्हणाले, "मोठ्यानं बोला ताई. चाळीस वर्षं पत्रा बडवलाय."

आत्यानं तेच मोठ्यानं सांगितलं! दादा शांतपणे म्हणाले, "व्हय. बडवतो. माझ्या कोठीतला दाणा किडला न्हाई कुणाचा. अन् पोरगं म्हणाल, तर हातानं एक खिळा सरळ बसत न्हाई त्याच्याच्यानं. पण खोटं बोलत न्हाई. लहान असताना गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी आतून टकटक करायचा. लई राग यायचा मला. आजबी कोठीत..."

 आणि मला दादांच्या चपला धावत येताना दिसल्या.

झाकण उघडलं. माझं डोकं बाहेर आलं.

"अगं बया!" आत्या खुर्चीसकट मागं सरकली. "पोरगं कोठीत कशाला ठेवलंय?"

दादांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "चांदणी?" त्यांनी मला विचारलं.

आता सांगा, काय बोलायचं? समोर आत्या, पणाला सुनीता. "नाही" म्हणालो असतो तर विषय मिटला असता. पण माझा हात सवयीनं आतून पत्र्याकडं गेला. टकटक. मग खाली, पुन्हा टकटक. दोन!

"बस खाली. मी डाख लावतो, बुजली का सांग," दादा म्हणाले आणि झाकण परत लावलं! पुढची मुलाखत तशीच झाली. सुनीताचे वडील कोठीला वाकून विचारत होते, "काय शिकवता?" आणि कोठी घुमत उत्तर देत होती, "विज्ञान!"

"भाऊ, उठा," आत्या म्हणाली. "डब्यातलं पोरगं करायचंय का आपल्याला?"

"बस गं," सुनीताचे वडील म्हणाले. "सहा घरं बघितली आपण. एकानं तरी सांगितलं का, आमच्यात हे उणं हाय म्हणून? हितं बापलेकानं न विचारता दोन छिद्रं दाखवली. पोहे आणा."

लग्न झालं. परवा दादांनी आमच्यासाठी नवी कोठी टेंपोतून अंबाजोगाईला पाठवली. फोन त्यांना ऐकू येत नाही, म्हणून पोच टेंपोवाल्याच्याच हाती पाठवली. ती अशी:

"तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार.

कोठी पोचली. मी स्वतः आत उतरून तपासली. चांदणी एकही नाही. तुमचा हात अजून तसाच आहे. मी आज जो काही आहे, तो या अंधारात बसून झालो, हे आत बसल्यावर पुन्हा आठवलं.

कोठीचं तोंड मात्र लहान झालंय. सुनीता म्हणते, तोंड तेवढंच आहे. अक्षर तिचं बघून काळजी करू नका. मी आतून सांगतोय, ती बाहेर लिहितेय. याच टेंपोनं या, आणि येताना पत्र्याची कातर आणा.

तुमचा,
पदवीधर"