विलासचा करार आणि माझे अध्यक्षीय दोन शब्द

चहाचा कप आधी खाली ठेवा. हा किस्सा मी मागे शेजारच्या काळेंना सांगितला, तेव्हा त्यांचा अर्धा चहा माझ्या न वाचलेल्या वर्तमानपत्रावर गेला होता.

आणि या गोष्टीत शहाणं कोण, हे शोधत बसू नका. शिकलेला एक आहे. तो मी. त्यानंच घोळ घातला!

तेहतीस वर्षं मी इथे दारव्ह्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. पीएचडी केली. विषय काय, तर वर्षाच्या बोलीवर होणारे करार. कोण कोणाला कामावर ठेवतं, बोलणी आधी कोण काढतं, माघार कोण घेतं. साडेचारशे पानं! आणि एवढं लिहिलेला हा माणूस आजही बाहेर पडल्यावर गॅस बंद केला की नाही हे बघायला तीनदा घरी परत येतो. तेव्हा माझ्या विद्वत्तेवर किती विसंबायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा.

विलासनं ते ठरवलं नाही, हीच त्याची चूक.

विलास माझा जुना विद्यार्थी. अर्थशास्त्रात कसाबसा पास, पण कबड्डीत तालुक्यात नाव. चढाईला गेला की समोरच्या संघातली धिप्पाड पोरं लाइनीला चिकटायची. कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या मनोहरभाऊंचा संघ आहे, त्याचा तो हुकमी चढाईपटू. तीन वर्षांचा करार होता: हंगामात खेळायचं आणि वर्षभर जिनिंगमध्ये काम. आता विलास छत्तीस वर्षांचा झाला होता आणि करार संपत आला होता. एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"सर, एक विचारू का?"

"विचार."

"फायनल झाली का करार संपते माहा. मनोहरभाऊले नवीन करार मांगू का नको?"

"मागायला काय हरकत आहे?"

"मांगतला आन त्यायच्या ध्यानात माहं वय आलं त? आन नाई मांगतला, आन त्यायले वाटलं का याले आता खेळाचंच नाई, त?"

खरं सांगतो, इतका सुरेख प्रश्न तेहतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं मला विचारला नव्हता. मी म्हटलं, "मला थोडे दिवस दे. अभ्यास करतो."

आतून कुसुमचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, त्यानं हो की नाही विचारलंय. प्रबंध मागितला नाही!"

पण मला आता खरंच उत्सुकता लागली होती. चढाईपटू म्हातारा कधी होतो? पाय थकले की? दम तुटला की? की बघणाऱ्यांनी ठरवलं की? सलग चार संध्याकाळी मी घडीची खुर्ची आणि वही घेऊन जिनिंगमागच्या मैदानावर जाऊन बसलो.

तरुण पोरं कशी जातात? बस सुटते आहे आणि दप्तर घरी राहिलंय, अशी! धडाधड आत, धडाधड बाद. विलास मात्र सावकाश जायचा. मध्यरेषेपलीकडे दोन पावलांवर उभा राहून नुसता बघायचा. मग एकदम हात लांबवायचा आणि कोणीतरी बाद.

"तू बघतोस तरी काय रे?" मी विचारलं.

"छातीकडं पाह्यतो सर. गडी श्वास सोडते ना, तवा थोडासा ढिला पडते. तवाच हात लावतो."

"हे कधी शिकलास?"

"पाय तेज होते तवा नाई शिकलो. गरजच नव्हती." मग आजूबाजूला बघून तो हळूच म्हणाला, "आता उजवा गुडघा कुरकुर करते. कोणाले सांगजा नका. ज्योतीलेबी माहीत नाई."

ज्योती म्हणजे त्याची बायको. मी मान हलवली आणि वहीत लिहिलं: उजवा गुडघा. खाली रेघ मारली. दोन रेघा मारल्या. ही सवय वाईट.

शेवटी मी सल्ला दिला. माझ्या प्रबंधाचं सारच होतं ते. "विलास, करारात जो आधी तोंड उघडतो त्याची बाजू पडते. तू गप्प राहा. मनोहरभाऊंना बोलू दे."

"पक्कं ना सर?"

मला आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी खात्री वाटत होती. म्हटलं, "पक्कं!"

गुरुवारी फोन आला. मनोहरभाऊ.

"सर, रविवारी फायनलच्या पयले विलासचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मानपत्र, सारं. तुमी अध्यक्ष. दोन शब्द बोलजा."

शाल! श्रीफळ! आणि वर मानपत्र!

तुम्ही म्हणाल, यात घाबरायचं काय? आमच्या कॉलेजात माणसाला शाल-श्रीफळ एकदाच मिळायचं. 'उद्यापासून येऊ नका' हे ज्या दिवशी सांगायचं असेल, त्या दिवशी. आणि निरोपाचं भाषण? ते खातं माझ्याकडे! प्राचार्यांपासून प्रयोगशाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना मीच निरोप दिला. माझ्या भाषणात रडला नाही असा माणूस आमच्याकडे निवृत्त झाला नाही.

म्हणजे विलासला काढलं. माझ्या सल्ल्यानं तो गप्प बसला आणि मनोहरभाऊंनी गोड बोलून त्याला वाटेला लावलं. पोराचं घर चालतं त्या करारावर!

मग मनोहरभाऊंना सरळ विचारायचं ना, सत्कार कशाबद्दल? तुम्ही विचारलं असतं. मी 'हो हो, येतो' म्हणून फोन ठेवला आणि दोन रात्री छताकडे बघत पडलो.

शनिवारी विलासचा फोन. "सर, सत्कार ठेवला म्हणते माहा. काहून असंन?"

"चांगलंच असेल," मी म्हणालो. पण माझा आवाज असा निघाला की त्याला लगेच शंका आली.

"सर, तुमाले काई मालूम आहे का?"

"धीर धर, विलास."

सांगा, असं कोणी बोलतं का?

रविवारी मैदान खचाखच भरलेलं. मंचावर मनोहरभाऊ, शाल पांघरलेला, पडलेल्या चेहऱ्याचा विलास आणि मधे मी. पुढच्या रांगेत ज्योती. आता, अध्यक्ष शेवटी बोलतो ही रीत आहे, आणि ती कोणी उगाच पाडलेली नाही. पण माझ्या वयाला दोन तास मंचावर एका जागी बसणं म्हणजे काय, हे माझ्या वयाच्या पुरुषांना सांगायला नको. मी सूत्रसंचालकाच्या कानात म्हटलं, "मला आधी बोलून घेऊ दे, बाबा." त्यानं बिचाऱ्यानं माइक दिला.

आणि मी सुटलो.

"मित्रहो, आज एक पर्व संपत आहे! ही मध्यरेषा उद्यापासून विलासची वाट पाहील, पण विलास येणार नाही!" मैदान गार. मला आणखी चेव आला. "त्यानं कधी कोणाला कळू दिलं नाही. पण त्याचा उजवा गुडघा केव्हापासून त्याला सांगत होता, 'विलास, आता पुरे!'"

मागे बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. संघातली पोरं मंचावर येऊन विलासच्या पाया पडू लागली. मी डाव्या बाजूला बघितलं, तर मनोहरभाऊ खिशातला एक कागद अर्धा बाहेर काढून पुन्हा आत सारत होते. त्यांचेही डोळे भरलेले! मला वाटलं, बघा, काढणाऱ्यालाही पाझर फुटला. काय भाषण झालं!

माझ्यानंतर ते उठले. डोळे पुसत म्हणाले, "विलासनं निर्णय घेतला. सरच्या तोंडून आपल्याले कळवला. आपण त्याचा मान राखू. पुढचा कॅप्टन आता कोणी दुसरा पाहा लागन."

विलास मंचावरून उतरला, मैदानाच्या मातीला हात लावला, तो कपाळाला लावला. सूत्रसंचालक ओरडला, "मंडळी, विलासभाऊची ही शेवटची फायनल!" लोक फोटो काढायला धावले.

तेवढ्यात ज्योती उठली. पदर खोचून थेट मंचावर आली.

"थांबा जरासे! मनोहरभाऊ, हे रिटायर होऊन राह्यले म्हून तुमाले कोणं सांगतलं?"

"सरनं! आताच नाई का सांगतलं?"

"काहो," तिनं खाली बघून नवऱ्याला विचारलं, "तुमी सरले सांगतलं होतं?"

"म्या? म्या कायले सांगू! मले त वाटलं मनोहरभाऊनं मले काढलं, आन सरले सांगाले लावलं!"

"म्या काढलं?" मनोहरभाऊ एकदम ओरडले. माइक चालूच होता. "अबे, हे पाह्य!" त्यांनी खिशातला कागद बाहेर काढला. "दोन वर्षांचा नवीन करार आहे! कॅप्टन म्हून!"

सगळं मैदान माझ्याकडे बघू लागलं. हजारेक डोळे. मी म्हणालो, "पण शाल... नारळ..."

ज्योती कमरेवर हात ठेवून उभी. "सर, माह्या नणंदेची पोरगी पोलिसात लागली, तवाबी गावानं शाल-नारळ देल्ला. थे काय रिटायर झाली का?"

मैदानात जो हशा उठला, तो बसस्टँडपर्यंत ऐकू गेला असेल.

"मग हा सत्कार कशाचा?" मी विचारलं. तीन दिवस उशिरा विचारलं, पण विचारलं.

"पंधरावा हंगाम होय सर त्याचा!" मनोहरभाऊ म्हणाले. "आन खरं सांगू? महिनाभर झाला, हा करार मांगन म्हून म्या वाट पाहून राह्यलतो. हा बोलेच ना! मले वाटलं, याले दुसऱ्या संघानं बोलावलं. म्हटलं, साऱ्या गावासमोर करार हातात देऊ, मंग नाई कसा म्हणन?" मग ते विलासकडे वळले. "अबे, पण तू गप काहून होता?"

विलासनं माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या टेबलावरचं मानपत्र उचलून वाचू लागलो. ते उलटं धरलं होतं.

"आन गुडघ्याचं काय आहे हे?" ज्योतीचा आवाज आता वेगळाच होता.

"गुडघ्याचं मले दोन वर्षांपासून मालूम आहे, वहिनी," मनोहरभाऊच म्हणाले. "चढाई करून आला का उजवा पाय झटकते. पण आमची पोरं नुसती पळतात, हा पाह्यते. मले पाह्यणारा पाहिजे."

ऐकलंत? चार संध्याकाळी, एक वही आणि साडेचारशे पानं खर्चून मला जे कळलं, ते जिनिंगवाल्यानं दोन वर्षांपूर्वीच हेरलं होतं. विलासनं पहिल्या दिवशीच तोंड उघडलं असतं, तर 'घे' एवढंच उत्तर मिळणार होतं.

फायनल कोणी जिंकली, हे मला विचारू नका. मी मान वर केलीच नाही.

सामना संपल्यावर मंचामागे करारावर सह्या झाल्या. विलासनं आधी पेन मागितला, कागद गुडघ्यावर, डाव्या गुडघ्यावर, ठेवला आणि खाली आपल्या हातानं एक ओळ लिहिली. मनोहरभाऊंनी ती वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि दणक्यात सही ठोकली. मग कागद माझ्यासमोर आला.

"सर, साक्षीदार म्हून तुमची सही पाहिजे," विलास म्हणाला. "वाचून घ्या पयले."

मी चष्मा पुसून वाचलं. लिहिलं होतं: 'कराराच्या मुदतीत खेळाडू कोणत्याही बाबतीत सरांचा सल्ला घेणार नाही.'

मी ओळ दोनदा तपासली. करार हा माझा विषय, तेव्हा कुठे काही खोट सापडते का, हे नीट पाहिलं. सापडली नाही. मुकाट्यानं सही केली. त्यानं विचारलं असतं, तर मीही त्याला हाच सल्ला दिला असता.