मातीत परत ठेवलेले कंद

झेकिये सून म्हणून या घरात आली त्याला तेहतीस वर्षं झाली होती, आणि त्यातला एकही मे महिना तिने उंबऱ्याच्या आत काढला नव्हता. तुर्कस्तानातल्या कास्तामोनूच्या वरच्या डोंगरातलं बर्फ ओसरून गवत घोट्याएवढं झालं की पाइनच्या रानाकडेला सालम या कंदवाल्या रानफुलाचे जांभळे तुरे डोकं वर काढायचे, आणि एल्माओरेन गावच्या बायका खुरपी घेऊन निघायच्या. झेकिये सगळ्यांच्या पुढे. तुरा यायच्या आधी नुसत्या ठिपकेदार पानांवरून ती झाड ओळखायची. बुंध्यापासून चार बोटं लांब खुरपं खुपसून हलकेच उचकटलं की दोन कंद वर यायचे. एक सुरकुतलेला, मऊ, दुसरा पांढराशुभ्र आणि टणक. टणक पिशवीत जायचा, मऊ परत मातीत.

ही रीत तिला सासूने, मुनेव्हेरआईने घालून दिली होती. एक घ्यायचा, एक ठेवायचा, म्हणजे डोंगर रिकामा होत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच मोसमात झेकियेने दोन्ही कंद पिशवीत टाकले, तेव्हा सासूने ते सगळे निवडायला लावून सुरकुतलेले कंद पुन्हा उतारावर नेऊन पुरायला लावले होते. नवरा, दुराली, लाकूडतोडीवर ओंडक्याखाली सापडून गेला. मुली लग्न होऊन शहरात गेल्या. घरात सासू-सून दोघीच उरल्या. आता ऐंशी ओलांडलेल्या मुनेव्हेरआईला दिसायचं कमी. झेकियेने आणलेले कंद ताकात उकळून झाले की ती बोटांनी चाचपून एकेक दोऱ्यात ओवायची, आणि माळा कौलाखाली वाळत टांगायच्या. वाळलेले कंद वाऱ्याने एकमेकांवर आपटले की खड्यांसारखे वाजत.

माळा दरवर्षी तोकड्या होत गेल्या. बायका म्हणायच्या, पाऊस नाही, बर्फ कमी, शेजारच्या गावचे लोक चोरून खणतात. झेकियेही तेच म्हणायची. पण एकदा उतारावर वेगळ्या घरात राहणारी धाकटी जाऊ गुल्सेर तिच्या शेजारी खणत होती. एका झाडाचा मऊ कंद झेकिये पुरत असताना तिने सहज विचारलं, "ताई, तू एवढी वर्षं पुरतेस. मग ते उगवून गेले कुठे?"

गुल्सेरला तोंडाळ म्हणून सगळं गाव ओळखायचं. झेकियेने कंदावर माती लोटली. पण प्रश्न तिच्याबरोबर घरी आला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी तिने एक जुना लाल स्वेटर उसवला. लोकरीचे तुकडे हेझलच्या झुडपाच्या काटक्यांना बांधले, आणि जिथे जिथे मऊ कंद परत ठेवला तिथे तिथे एकेक काटकी रोवली. चाळीस काटक्या. कोणाला काही सांगितलं नाही.

पुढच्या मे महिन्यात ती एकटीच वर गेली. पांढुरक्या झालेल्या लोकरीवरून काटक्या सापडत गेल्या. पहिल्या काटकीपाशी नुसतं गवत. दुसरीपाशी गवत. दहाव्या काटकीपाशी तिने खुरपं घातलं, तर हाताला कांद्याच्या पापुद्र्यासारखं काळं साल लागलं, आत काहीच नाही. चाळीसपैकी दोन ठिकाणी एकेक अशक्त पान दिसलं. बाकी अडतीस जागा कोऱ्या. ती तिथेच उन्हात बसून राहिली. सुरकुतलेला कंद म्हणजे यंदाच्या फुलाला अंगावर पाजून रिकामा झालेला कंद, आणि पुढच्या वर्षीचं सगळं त्या टणक कंदात. आपण दरवर्षी बाळ पिशवीत घालून बाळंतिणीला पुरत आलो, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला तिथे बसवेना.

म्हातारीला सांगावं की नाही, यात तिचे आठ दिवस गेले. त्या रिवाजाचा म्हातारीला अभिमान होता. बाहेरून कोणी आलं की ती आवर्जून सांगायची, आमच्या घरात डोंगराला उपाशी ठेवत नाहीत. शेवटी एका दुपारी ओवता ओवता झेकियेने सगळं सांगून टाकलं. लाल लोकर, चाळीस, दोन.

म्हातारीची सुई थांबली. "दोनच?"

"दोनच, आई."

तिने सुई माळेत खोचून ठेवली. मग म्हणाली, "माझी सासू हातावर मारायची."

"का?"

"फूल असताना खणलं की. आम्ही गवत कापायच्या दिवसांत जायचो. तुरा वाळलेला, बोंडं तपकिरी झालेली. बोंड फुटलं की तपकिरीसारखी पूड उडायची, तेच बी. ती उडून गेल्याशिवाय खुरपं लावायचं नाही." तिने सुई पुन्हा हातात घेतली. "वाळलेला तुरा गवतात दिसत नाही गं. दिवसभर हिंडून मूठभर मिळायचं. मग फुलावरच खणायला लागलो. सोपं पडायचं. कंद परत ठेवायचं तेवढं राहिलं, कारण त्याला कष्ट नव्हते."

त्या रात्री म्हातारी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने स्वतःच झेकियेला सांगितलं, की आता फुलावर जाऊ नकोस.

झेकिये जूनअखेर गेली, तर इतर बायकांनी उतार केव्हाच उकरून नेला होता. तिला चारसुद्धा वाळके तुरे सापडले नाहीत. नदीवर, तंदुरापाशी, तिने बायकांना समजावून पाहिलं. कोणी हसलं, कोणी म्हणालं, दोन उगवले ना, मग रीत खरीच आहे. आपण थांबलो तर दुसरं गाव खणेल, हे तर सगळ्याच म्हणाल्या.

मग तिने फक्त कबरस्तान मागितलं, तेवढ्यात फुलावर खणू नका म्हणाली. तिथे गुरं चरत नाहीत, नांगर लागत नाही. सालम तिथे उताराहून दाट उगवायचं, आणि उतार आटल्यापासून बायका तिथेही शिरायला लागल्या होत्या. पुढच्या मेमध्ये झेकिये विणकाम घेऊन रोज कबरस्तानाच्या फाटकाशी बसू लागली. कबरीतला नवरा पळून जाईल म्हणून राखण करते, अशी चेष्टा झाली. तिने ऐकून घेतली. तिला बघून बायका मागे फिरायच्या. फिरली नाही ती गुल्सेर.

"आमच्या घरचेही इथेच झोपलेत," गुल्सेर म्हणाली. "दुराली माझाही दीर होता. त्याच्या उशाला उगवलेलं एकट्या तुझं कसं?"

"माझं नाही," झेकिये म्हणाली. "पण खणायचंच असेल तर त्याच्याच कबरीवरचं खण. दुसऱ्या कोणाच्या कबरीला हात लावू नकोस."

गुल्सेरला हे अपेक्षित नव्हतं. पण आता माघार घेणं तिला जड गेलं. ती दुरालीच्या कबरीपाशी गुडघ्यांवर बसली, सात झाडं खणली, आणि मऊ कंद एकेक करून नीट परत पुरले. झेकिये विणत राहिली. एक टाका चुकला, तो तिने उसवून पुन्हा घातला. त्यानंतर वर्षभर जावांचं बोलणं बंद.

त्या हिवाळ्यात मुनेव्हेरआई गेली. वसंतात तिच्या खचलेल्या कबरीवर माती टाकायला सगळं गाव जमलं, तेव्हा कबरस्तान जांभळं झालं होतं. मध्येच दुरालीची कबर तेवढी नुसती हिरवी, एकही तुरा नसलेली. कोणाला काही सांगावं लागलं नाही. बायका आल्या, बघितलं. गुल्सेर सगळ्यांत मागे होती.

"मी पुरले होते ताई," ती हळूच म्हणाली. "सगळे पुरले होते. तू बघितलंस ना?"

"बघितलं. मीही तेहतीस वर्षं पुरलेच."

तेव्हापासून एल्माओरेनच्या कबरस्तानात बोंडं फुटेपर्यंत खुरपं जात नाही. ठरलं ते एवढंच. उतारावर अजूनही फुलावरच खणतात, आणि तिथे आता खणण्यासारखं फारसं उरलेलं नाही. बी पडून फूल यायला चार-पाच वर्षं लागतात म्हणे. दुरालीच्या कबरीवर अजून काही आलेलं नाही. झेकिये जूनअखेर मूठभर कंद आणते, ते वाळवून कुटते, आणि हिवाळ्यात दुधात चिमूटभर घालते. दूध पूर्वीसारखं दाट होत नाही. गुल्सेर शेगडीपाशी येऊन बसते, तेच पातळ दूध पिते, वर दालचिनी मागते, आणि तू फार कमी घालतेस, असं दरवेळी तोंडावर सांगते.