उपाशी पोट आणि गालातला खर्रा

“गॅस्ट्रिक अल्सर आहे,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे जठराच्या आतल्या अस्तराला जखम झाली आहे. ही बघा.” पडद्यावर ओल्या गुलाबी भिंतीत एक पांढरट खळगा दिसत होता. “बायोप्सी घेतली आहे. म्हणजे जखमेच्या कडेचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवतोय. कॅन्सर नाही, असं मी आज सांगू शकत नाही.”

मी मान डोलावली. ज्यांचं ते जठर, ते माझे बाबा शेजारच्या खाटेवर बसून बधिर झालेला घसा चोळत होते.

हे मी शुक्रवारी ऐकलं. खरं तर ते मंगळवारीच कळायला हवं होतं. मधले तीन दिवस आम्ही आमच्याच चुकीने घालवले. तशी चूक तुमच्याही घरात होऊ शकते, म्हणून हे लिहिते आहे.

बाबा हिवरखेडला राहतात. आई गेल्यापासून एकटेच. उमेदीची वर्षं त्यांनी बाजार समितीत हमाली केली. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. अमरावतीला एका शाळेत विज्ञान शिकवते. सातवीला पचनसंस्था दर वर्षी माझ्याकडेच असते. फळ्यावर जठर मी डोळे मिटून काढू शकते.

दिवाळीनंतर बाबांचं जेवण कमी झालं. चार घास खाल्ले की पोट गच्च. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. फोनवर विचारलं की एकच उत्तर यायचं, “मले काई झालं नाई माय, तू आपली शाळा पाह्य.” मग एकदा बोलता बोलता म्हणाले की मधे दोन दिवस शौचाला डांबरासारखी काळी झाली होती. हे त्यांनी मला तीन आठवड्यांनी सांगितलं, तेही गावातल्या पावसापाण्याच्या गोष्टी संपल्यावर.

शौचाला अशी काळी होणं म्हणजे पोटात कुठेतरी रक्त गेल्याची खूण असू शकते. तुमच्या घरात कुणाला असं झालं तर तीन आठवडे थांबू नका. आम्ही रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन नऊवर आलं होतं. गावातल्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी अप्पर जीआय एंडोस्कोपी सांगितली. म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत घालून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात पाहायची. आमच्याकडे तिला सगळे ‘दुर्बीण’ म्हणतात. त्या दवाखान्यात ती मंगळवारी आणि शुक्रवारी, दोनच दिवस होत असे.

आदल्या दिवशी मी अमरावतीहून आणि बाबा गावाहून, दोघं अकोल्याला आत्याकडे उतरलो. तिथे मी पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात यादी केली आणि देव्हाऱ्यासमोर माणूस उभं राहावं तसं बाबांना त्या कागदासमोर उभं केलं. रात्री नऊनंतर जेवण नाही. सकाळी चहा नाही. पाणी नाही. बिस्कीट नाही. गोळी नाही. आत्याने विचारलं, “कोरा चहाबी नाई?” मी ‘कोरा चहाही नाही’ असं लिहिलं. तिने विचारलं, “अन् दोन मनुके?” तेही लिहिलं. मला वाटलं, आता काही सुटलेलं नाही.

सकाळी नर्सने विचारलं, “आजोबा, काही खाल्लं का?”

“काईच नाई. पाण्याचा थेंबबी नाई,” बाबा शपथेवर म्हणाले.

आम्ही दीड तास बाहेर बसलो. बाबा भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर पाटी होती, इथे थुंकू नये. मी अर्ज भरत होते. नाव पुकारलं, बाबा उठले, चप्पल बाहेर काढून आत गेले.

पाच मिनिटांत मलाही आत बोलावलं. घशात बधिर करणारा फवारा मारताच बाबांना ओकारी आली होती आणि स्टीलच्या ट्रेमध्ये तपकिरी पाणी आणि सुपारीचा चुरा पडला होता.

“हे काय आहे?” डॉक्टरांनी मला विचारलं, बाबांना नाही.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा ट्रेकडे पाहत होते. “खर्रा हाय,” ते म्हणाले.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली आमच्याकडची पुडी. सकाळपासून ती त्यांच्या गालात होती.

“बाबा, काही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?”

“खाल्ला कुठं? खर्रा का खाण्यात येते? तो तं थुकाचा असते.”

“मग थुंकला का नाही?”

“इथं थुकाची मनाई हाय नं. पाटी नाई वाचली तू? नाव पुकारलं, मंग गिळला.”

नर्सने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला हसू आलं नाही. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, “मॅडम, फवाऱ्याने घसा बधिर होतो. अशात पोटातलं वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं, तर फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. पोट रिकामं हवं ते यासाठी. आता शुक्रवारी या.”

रिक्षात मी बाबांशी बोलले नाही. शाळेतून दोन दिवसांची रजा मिळवताना काय काय ऐकावं लागलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या पोटात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तीन दिवस ठाऊक होणार नव्हतं. घरी आल्यावर आत्या म्हणाली, “काहून चिडून राहिली त्याच्यावर? तुह्या कागदावर खर्रा लिवला होता का?”

नव्हता. मनुके लिहिले होते. ज्या गावात मी वाढले तिथे खर्रा खाण्यात मोडतच नाही, आणि एवढं शिकूनही माझ्या डोक्यात तो मोडत नव्हता. मी पेन काढलं आणि यादीच्या तळाशी लिहिलं, ‘गालातसुद्धा काही नाही.’

शुक्रवारी मी आत सोडण्याआधी त्यांचं तोंड उघडून मोबाइलचा टॉर्च मारला. शेजारच्या बाकावरच्या बाई बघत राहिल्या. बघू दे.

तपासणी घाबरण्यासारखी नाही, हे खरंच सांगते. डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं देतात, नळी त्यातून जाते. श्वास नाकाने घ्यायचा, लाळ गिळायची नाही, बाहेर गळू द्यायची. ओकारीची उबळ येते, डोळ्यांत पाणी येतं, पण आठ-दहा मिनिटांत संपतं. अवघड आहे तो नंतरचा तास. घसा बधिर असेपर्यंत पाणीही प्यायचं नाही, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आत्या बाहेर चहाचा थर्मास घेऊनच उभी होती. “उपाशी हाय बिचारा, एक घोट तं देऊ दे.” मी थर्मास माझ्या पिशवीत टाकला. तिने ते अजून मनात ठेवलंय.

पुढचा दिवस घसा दुखला, ढेकर आले. वरणभात, दूध, मऊ पोळी. ठेचा बंद.

रिपोर्टला आठ दिवस लागले. मी अमरावतीला परतले. तासाला फळ्यावर जठर काढायला गेले आणि खडू तिथेच थांबला. मुलांना वाचायला सांगून मी खिडकीशी उभी राहिले.

रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं पुन्हा अकोल्याला गेलो. कॅन्सर नव्हता. एच. पायलोरी नावाचे जंतू होते. ते जठराच्या अस्तरात राहून त्याला कमकुवत करतात. आणि दुसरं कारण होतं गुडघेदुखीच्या गोळ्या. “किती वर्षं घेता?” डॉक्टरांनी विचारलं.

“पोरगी कॉलेजात गेली तवापासून,” बाबा म्हणाले. “पोते उचलाचे रायत ना साहेब. गोळी घेतली का दिवस निंगून जाये.”

मी खर्ऱ्यावरून तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. ज्या गोळीने जखम केली, ती ते माझ्या फीसाठी गिळत होते. मी औषधांची चिठ्ठी घडी करत राहिले. दोन आठवडे जंतूंची औषधं, त्यापुढे आम्ल कमी करणारी गोळी, दुखण्याची गोळी कायमची बंद. खर्ऱ्याने जखम भरायला वेळ लागतो, असं डॉक्टरांनी बाबांकडे पाहून दोनदा सांगितलं. जखम भरली की नाही ते पाहायला दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण.

दुसऱ्या वेळी आदल्या संध्याकाळी बाबांनी स्वतःच खिशातली पुडी काढून माझ्या हातात दिली. म्हणजे ती होतीच खिशात. मी ती पर्समध्ये टाकली.

सकाळी बाहेर बसलो होतो. समोर नांदगाव खंडेश्वरकडचे एक म्हातारे बसले होते, गाल फुगलेला. त्यांचा मुलगा कागद भरण्यात गुंतला होता. बाबा पुढे झुकले.

“जय भीम दादा. गालात काय हाय?”

“काई नाई. जरासा खर्रा.”

“भाईर जाऊन थुका. गिळू नका. म्या गिळला होता, तं हिनं तीन दिवस त्वांड फुगवलं होतं.”

म्हातारे उठून बाहेर गेले. मुलगा कागदावरून वर पाहून मला म्हणाला, “मी घरून निघताना दहा वेळा विचारलं होतं हो यांना.” मी म्हटलं, “काय विचारलं होतं?” तो म्हणाला, “काही खाल्लं का.”

जखम भरली होती. पडद्यावर खळग्याच्या जागी फिकट वण होता. बाबा बाहेर येऊन बाकावर बसले. तास होत आला तसा आत्याने नवा थर्मास उघडला, कप भरला आणि माझ्याकडे न पाहता त्यांच्यापुढे धरला. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि हात आडवा केला.

“थांब जराशी. अजून सात मिंटं हायेत.”

त्या सात मिनिटांत मी कुणावरच चिडले नाही.