चौथ्या मजल्याचा जिना

लिफ्टमधी माझा एक पाय पडला, तसं मॅडमनं दंड धरून बाहेर काढलं. आत सोसायटीची दोन माणसं उभी. त्यांच्यासमोर म्हणल्या, "कामवाल्यांना जिना आहे. किती वेळा सांगायचं?"

गारखेड्यातली बिल्डिंग. चौथा मजला. मी मान खाली घातली अन् चढले. दुसऱ्या मजल्यावर अंधारी आली. कठडा धरून बसले.

सांगायची लाज वाटती. तो जिना आधी मलाच पायजे व्हता.

बाळंतपणानंतर कामाला परत आले तवा ह्याच मॅडम हसल्या व्हत्या, म्हैस झालीस की गं. तवापासून घास तोंडातच फिरायचा. डबा कुत्र्याला. कचऱ्याचं निमित्त करून उगीच जिन्यानं खाली-वर. पुसलेली फरशी परत पुसायची. दूध आटलं, लेक रडायची, तरी थांबले नाय. हाडं वर आली तसं मॅडम म्हणल्या, आता कशी चपळ झाली. मी खूश झाले. थू माझ्यावर.

पुढं चक्कर येऊन पडले, तवा दवाखाना लागला. तिथं वजनाच्या दिवशी कमरेला खलबत्त्यातला बत्ता खोचून गेले. वजन भरलेलं दिसावं म्हणून. काट्यावरच तो ठण्णकन पडला. सगळी लाईन बघाय लागली. डॉक्टरीणबाईनं उचलून माझ्या हातात दिला. म्हणल्या, "बत्त्याचं वजन घेऊन काय करू? तू अंगानं भर. दर दोन-तीन तासाला खायचं. जिना बंद. काळीज थकलंय तुझं."

म्हणून त्या दिवशी लिफ्टमधी पाय टाकला व्हता.

वर जाऊन ह्या न जेवायच्या आजाराचं सांगितलं तर मॅडम म्हणल्या, "तो आमच्या पोरींना होतो गं. तुम्हाला खायलाच मिळत नाही."

लाज ह्याची, की चढताना आतून बरं वाटलं व्हतं. मरत व्हते अन् बरं वाटत व्हतं. लई भ्याले.

दुसऱ्या दिवशी लेकीला कडेवर घेतलं अन् लिफ्टमधी शिरले. वॉचमनचाचा म्हणले, "बेटी, मेरी नौकरी जाएगी." म्हणलं, चाचा, मॅडमला माझं नाव सांगा. दार लागलं. फडक्यातली भाकर काढली. घास नरड्यात दगडावानी अडकला. गिळला.

वर मॅडम दारातच. म्हणलं, "जिना चढणार नाय."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"नाय येत."

लेकीनं माझ्या हातातली भाकर वढली. अर्धी तिला दिली. अर्धी मी खाल्ली, मॅडमच्या देखत, सगळी. मग लिफ्टचं बटण दाबलं अन् खाली आले.

भूक अजून मेलेलीच हाय. मी खाणार हाय.