पाच भोकांची भाकरी

मंद्रूपच्या गुरुबसप्पाला माणसांपेक्षा लोखंड बरं कळायचं. मालक मल्लिकार्जुनअण्णांचा ट्रॅक्टर आणि त्यामागचा, माती उलथणाऱ्या तीन गोल पोलादी तव्यांचा नांगर तोच चालवायचा. संध्याकाळी तिन्ही तवे पुसून त्यांना जळकं तेल चोळल्याशिवाय हा गडी घास घ्यायचा नाही! एखादा फुटला तर असावा म्हणून अण्णांनी चौथा कोरा तवा त्याच्याच घरी ठेवायला दिलेला. गोणपाटात गुंडाळून त्यानं तो आढ्याला टांगला होता.

"पोरांच्या डोक्यालाबी एवढं तेल लावा की!" बायको, निंगव्वा, हसायची.

बाहत्तरचा दुष्काळ आला. नांगर शेडमध्ये पडला आणि निंगव्वा खडी फोडायला जाऊ लागली. अशात तिचा भाकरीचा तवा तडकला. दुसऱ्या दिवशी गुरुबसप्पाच्या ताटात आलेल्या भाकरीवर मधोमध पाच भोकांचे वण! नांगराच्या तव्याला बोल्टांसाठी असतात, तीच भोकं. त्यानं वर बघितलं. गोणपाट रिकामं लोंबत होतं.

चुलीवर तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, ते मऊ पडतं, हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक? पण पोरं मचमच खात होती. तोही मुकाट खाली मान घालून जेवला. पुढे आठ महिने जेवला.

पुढल्या साली पाऊस झाला. नांगर शेतात उतरला आणि दुसऱ्याच दिवशी दगडावर आपटून एक तवा फुटला. अण्णा बांधावर उभे. गुरुबसप्पानं घरातला तवा आणून बसवला. नांगर चार पावलं गेला नाही, तोच तो तवा कडेनं मुडपला.

"काय रं हे?"

"हिनं भाकरी भाजल्या त्याच्यावर, अण्णा! मला काय ठाव?"

न्याहारी घेऊन आलेली निंगव्वा तिथंच उभी होती. "व्हय, माजंच चुकलं," एवढंच ती म्हणाली. अण्णा चारचौघांत तिला नाही नाही ते बोलले. गुरुबसप्पाची नोकरी राहिली. निंगव्वाचं हसणं मात्र गेलं, ते गेलंच.

तीन वर्षांनी ती तापानं अंथरुणाला खिळली. एका सकाळी गुरुबसप्पानं तो मुडपलेला तवा चुलीवर पालथा घातला, आपल्या हातानं वेडीवाकडी भाकरी भाजली आणि तिच्यापुढं ठेवली.

"निंगव्वा, मला पहिल्या दिवसापासनं ठाव होतं गं."

तिनं भोकांच्या वणांवरून बोट फिरवलं.

"मलाबी ठाव होतं. तुमी वर बघितलं की त्या दिशी."

दुपारी ती गेली. भाकरी तशीच ताटात होती.