रूम टेंपरेचरची नऊ मिनिटं

टाकळकर सरांनी कोमलच्या उत्तरपत्रिकेतला अख्खा तक्ता लाल पेनाने खोडला, बाजूला शून्य लिहिलं आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली. कोमल माझ्याकडे बघत होती. मी मात्र तिच्याकडे बघायचं टाळलं. अर्ध्या तासापूर्वी मी तिला काय सांगितलं होतं, ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

बी.एस्सी. पहिल्या वर्षाची बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. एप्रिलचा शेवटचा आठवडा. टाकळकर सर बाहेरगावच्या कॉलेजातून आलेले एक्स्टर्नल परीक्षक आणि मी इंटर्नल. आमची लॅब तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. त्यात बर्नर विझू नयेत म्हणून प्रॅक्टिकलला पंखे बंद ठेवायची आमची जुनी पद्धत. छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळ्यात चोवीस मुलं-मुली ॲप्रन घालून घामाने निथळत होती.

प्रयोग सोपा आहे. आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामं झटपट उरकून देणारं प्रथिन. अमायलेजचं काम स्टार्च तोडायचं, म्हणून तर भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो. स्टार्चमध्ये आयोडीन टाकलं की निळाकाळा रंग येतो. स्टार्च संपला की तो रंग येत नाही. तीन परीक्षानळ्या घ्यायच्या, तिन्हींत स्टार्च आणि पाणी घालून पातळ केलेली लाळ. एक नळी बर्फात, एक नुसती टेबलावर, म्हणजे रूम टेंपरेचरला, आणि एक वॉटर बाथमध्ये सदतीस डिग्रीला, म्हणजे अंगाच्या तापमानाला. दर अर्ध्या मिनिटाला एकेक थेंब पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनमध्ये टाकायचा आणि रंग यायचा कधी थांबतो ते घड्याळात बघायचं.

उत्तर सगळ्यांना आधीच पाठ असतं. बर्फातली नळी वीस मिनिटांतही तशीच, टेबलावरची नऊ मिनिटं, बाथमधली चार. मॅन्युअलमध्ये तसंच छापलेलं आहे. सीनियरच्या जर्नलमध्ये तसंच असतं, त्याच्या सीनियरच्याही. तेवीस जणांनी नऊ आणि चार लिहून दिलं होतं. किती जणांनी खरंच थेंब टाकले, हा प्रश्न आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही.

कोमलच्या टेबलावरच्या नळीतला स्टार्च चार मिनिटांतच संपला. ती मला दाखवायला आली. मी म्हटलं, काहीतरी चुकलंय, परत कर. तिने परत केलं आणि परत चारच आले. तोवर बाहेर दुसरी बॅच येऊन उभी होती, घाम माझ्या डोळ्यांत उतरत होता. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "नऊ लिही आणि मोकळी हो."

तिने चार लिहिलं.

कोमल देवगाव रंगारीच्या पुढच्या एका वस्तीवरची. घरी शेळ्या-मेंढ्या. इथे ती मुलींच्या वसतिगृहात राहायची आणि तिथला नियम कडक होता. एकाही विषयात अडकलं तर पुढच्या वर्षी खोली नाही. तो नियम छापलेल्या तिच्या प्रवेशाच्या फॉर्मवर ओळखीची प्राध्यापक म्हणून माझीच सही होती. वस्तीवरून रोज येणं-जाणं होण्यासारखं नव्हतं. प्रॅक्टिकलमध्ये वेगळं पास व्हावं लागतं आणि या शून्याने ती नापास होत होती. म्हणजे कॉलेज संपलं.

मी टाकळकर सरांना म्हटलं की तिने प्रयोग दोनदा केलाय. ते म्हणाले, मग दोनदा चुकवलाय. एवढ्या जणांचे नऊ येतात आणि हिचेच चार, याचा अर्थ नळ्यांची अदलाबदल झाली.

"अदलाबदल नाय झाली सर," कोमल म्हणाली. ती जागची हलली नाही. "बाथचा लाल दिवा सकाळपासनं लागलाच नाय."

वॉटर बाथ म्हणजे पाण्याचा डबा, त्याला हीटर. पाणी ठरवलेल्या तापमानाच्या खाली गेलं की हीटर चालू होतो आणि लाल दिवा लागतो. सर म्हणाले, मग बाथ बिघडला असेल.

"बिघडला नाय सर. पाणी आधीच तेवढं गरम हाय, तर तो कशाला तापवील? आज टेबल अन् बाथ एकच हाय. आमच्याकडं उन्हाळ्यात दही दुपारातच लागतं. थंडीत त्याच भांड्याला पांघरूण घालावं लागतं."

मला माझाच राग आला. एन्झाइमवर तापमानाचा परिणाम हा धडा मी अठरा वर्षं शिकवते आहे. रूम टेंपरेचर म्हणजे साधारण पंचवीस, असं फळ्यावर दरवर्षी लिहिते आणि पदराने कपाळ पुसते. मी ड्रॉवरमधून थर्मामीटर काढला आणि कोमलच्या टेबलावर सकाळपासून पडून असलेल्या पाण्याच्या बीकरमध्ये धरला. पारा चाळीसला टेकला. बाथमध्ये धरला. एकोणचाळीस. बाथ पाणी तापवतो, थंड करत नाही, हे मला कळायला अठरा वर्षं आणि एक लाल दिवा लागला.

टाकळकर सर माणूस वाईट नव्हते, पण एकदा लिहिलेलं खोडणं त्यांच्या जिवावर यायचं. ते म्हणाले की थर्मामीटर ठीक आहे, पण हिने लाळ घट्ट घेतली असेल तरीही प्रयोग लवकर संपतो. मुद्दा चुकीचा नव्हता. ज्याची लाळ त्याचा वेळ, थोडा फरक पडतोच.

"मग सर, लाळ तुमची घेऊ," मी म्हटलं.

लॅबमध्ये कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बीकर पुढे धरूनच उभी होते. मला त्या क्षणी एक्स्टर्नलच्या रागाची, दुसऱ्या बॅचची, प्राचार्यांच्या फोनची, कशाचीच पर्वा नव्हती. शेवटी त्यांनी बीकर घेतलं, चूळ भरली आणि कपाटाच्या आड गेले.

मला चौथी नळीही लावायची होती, खऱ्या पंचवीस डिग्रीची. आमचे लॅब अटेंडंट शेखमामा म्हणाले, "मॅडम, बरफ तो कब का पिघल गया." मी त्यांना गेटसमोरच्या रसवंतीवर पिटाळलं. ते पिशवीभर बर्फ घेऊन आले आणि रसवंतीवाल्याने काय काय विचारलं तेही सांगायला लागले. मी टबात पाणी घेतलं आणि बर्फाचे खडे टाकत पारा पंचवीसवर आणून ठेवला. तो वर सरकला की खडा टाकायचा, एवढंच काम मी करत राहिले.

थेंब कोमलने टाकले. घड्याळ सरांच्या हातात. बाकीची तेवीस जणं टेबलाभोवती गोळा झाली होती आणि आम्ही कोणाला हाकललं नाही. टेबलावरची नळी साडेचार मिनिटांत संपली, बाथमधलीही साडेचार. टबातली नवव्या मिनिटालाही तांबूस रंग देत होती, म्हणजे स्टार्च अजून पुरता तुटला नव्हता. दहाव्याला थांबली.

सरांनी शून्यावर रेघ मारली, शेजारी सही केली. मग त्यांनी उरलेल्या तेवीस उत्तरपत्रिकांवर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, मग हे नऊ कुठून आले?"

"माझ्याकडून," मी म्हटलं. "माझ्या स्वतःच्या जर्नलमध्येही नऊच आहे, सर. तेही याच लॅबमधलं."

सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग आम्ही ठरवलं की तेवीसही जणांनी प्रयोग परत करायचा, प्रत्येक नळीशेजारी तापमान लिहून. दुसऱ्या बॅचला शेखमामांनी खाली बसवलं. सर संध्याकाळच्या बसने गेले. जाताना एवढंच म्हणाले की त्यांच्या लॅबमध्येही पंखे बंदच असतात.

कोमलला पूर्ण मार्क मिळाले नाहीत. आलेख अर्धा राहिला होता, त्याचे गेले आणि ते बरोबरच होतं. पण ती पास झाली आणि खोली टिकली. वसतिगृहाच्या फॉर्मवर सही घ्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं की त्या दिवशी माझं चुकलं. पोरगी कशाला गप्प बसतेय.

"तुम्ही नऊ लिही म्हणलात ना मॅडम, तवा लई भ्या वाटलं," ती म्हणाली. "म्हणलं, सर तर नायच, आता मॅडमबी नाय."

 मी सही केली.

मॅन्युअलमधली नऊ मिनिटांची ओळ मी त्याच आठवड्यात काढून टाकली आणि तक्त्यात तापमानाचा एक रकाना वाढवला. धडा म्हणाल तर एवढाच, रूम टेंपरेचर लिहिण्याआधी रूममध्ये थर्मामीटर लावावा. डिसेंबरात सकाळच्या बॅचमधल्या एका मुलाने टेबलावरच्या नळीची नेमकी नऊ मिनिटं आणली. मी त्याला संशयाने तीनदा विचारलं, खरंच थेंब टाकलेस का. त्याने टेबलावरचा थर्मामीटर माझ्यापुढे धरला. चोवीस होतं. मी गुमान सही केली.