दुकान वाढवा

लोणारच्या बस स्टँडमागे माझे मामा भाजीचं दुकान लावायचे. दुकान म्हणजे चार फळ्या, एक ताडपत्री आणि मामांचा आवाज. माल बीबी गावाकडच्या मळ्यातून यायचा, पण खपायचा तो आवाजावर. "या हो, सांबार घ्या, मेथी घ्या, दव नाही वाळलं अजून," ही त्यांची हाळी. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पुण्यात मी एकदा सांबार मागितला, तर भाजीवाल्याने मला हॉटेलचा रस्ता दाखवला होता.

मी वेबसाइट बनवतो. घरी बसून बनवतो, म्हणून गावाच्या मते मी रिकामटेकडा. मामा मागे लागले म्हणून बस स्टँडमागच्या भाजीवाल्यांसाठी एक वेबसाइट करून दिली. प्रत्येक दुकानाला एक पत्ता, त्या पत्त्यावर मालकाचा फोटो, आजचा भाव, आणि सकाळी दुकान उघडलं की मालकाच्या फोनवर, आणि पान उघडणाऱ्याच्याही फोनवर, वाजणारी मालकाच्याच आवाजातली हाळी. वेबसाइटला पत्ते शिकवावे लागतात. अमुक पत्त्यावर कोणी आलं तर त्याला तमुक पानावर ने, अशी एकेक ओळ लिहायची. तिला रूट म्हणतात. मग टेस्ट लिहायच्या, म्हणजे खोटी गिऱ्हाइकं त्या पत्त्यांवर धाडायची आणि ती बरोबर जागी पोचतात का ते बघायचं.

आमचे भाजीवाले रोज येतीलच याचा नेम नाही. कोणाचं लग्न, कोणाचा पोळा. म्हणून नियम असा केला की दुकान एका दिवसापुरतंच दिसेल. उद्याही लावायचं असेल तर संध्याकाळी एक बटण दाबायचं. मामांचा नंबर सतरा, म्हणून त्यांच्या बटणाचा रूट होता 'दुकान/सतरा/वाढवा'. एक दिवसाची मुदत वाढवा, या अर्थाने मी बटणावरही 'दुकान वाढवा' एवढंच लिहिलं. दाबलं तर उद्या दुकान उघडं. नाही दाबलं तर उद्या त्या पत्त्यावर 'पान सापडले नाही'. दोन्ही गोष्टींच्या टेस्ट लिहिल्या, दोन्ही हिरव्या आल्या. हिरवी म्हणजे पास.

उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत. दहाव्याला कावळा शिवेना. मामीला सांभाळू, लेकीकडे लक्ष ठेवू, ज्याला जे सुचलं ते त्याने कबूल करून पाहिलं. शेवटी दर्भाचा कावळा करून काम भागवलं. मामी घरी येताना एकच वाक्य बोलली, "ह्याइचं काहीतरी राह्यलं."

ती असं का म्हणते ते मला पुढे दोन-चार दिवसांनी कळलं. सकाळी मी तिच्या घरी चहा घेत होतो. फळीवर मामांचा फोन होता. त्यातून मामा ओरडले, "या हो, सांबार घ्या, मेथी घ्या."

हातातला कप खाली ठेवून मी दाराकडे पाहिलं. मामी मात्र शांत होती. तिने दुसऱ्या कपात चहा ओतला आणि तो फोनशेजारी ठेवला.

"रोज येऊन राह्यले," ती म्हणाली. "गेले त्याच्या दुसऱ्या सकाळपासून."

मी म्हटलं, असं होऊच शकत नाही, दुकान तर आपोआप जायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासमोर फोन बंद करून ठेवला. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून, शेजारणीच्या घरातून, तीच हाळी आली. बाकीच्यांचे भाव बघता बघता तिच्या हातून मामांचं पान उघडलं होतं. भिंतीतून आल्यामुळे आवाज जरा खोल वाटत होता. मी माझ्या फोनवर सतरा नंबरचा पत्ता उघडला. मेथीच्या जुड्यांमागे मामा हसत होते. खाली लिहिलं होतं, 'दुकान उघडे आहे'. आजच्या भावाची जागा रिकामी होती.

घरी जाऊन सगळ्या टेस्ट पुन्हा चालवल्या. सगळ्या हिरव्या. खास सतरा नंबरची नवी टेस्ट लिहिली: बटण कोणी दाबलं नाही, दिवस उलटला, आता पत्त्यावर जा. उत्तर आलं, 'पान सापडले नाही'. म्हणजे माझ्या टेस्टमध्ये मामा जात होते, लोणारात जात नव्हते. भुताखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलो. त्या दुपारी हसू आलं नाही. मला भीती वाटली, आणि भर दिवसा मी दाराला कडी लावून बसलो.

मामीचं मात्र फार वाईट चाललं होतं. वडनेर भोलजीला दिलेली लेक रोज बोलावत होती, आणि मामी जायला तयार नव्हती. "ह्याइले एकट्याले सोडून कशी येऊ?" तिचं जेवण तुटलं होतं. रात्रभर जागी राहायची आणि सकाळी चहा दोन कप करायची. अशीच राहिली तर हीसुद्धा हातची जाईल, असं लेक मला फोनवर रडत सांगायची.

एका संध्याकाळी मी मामीकडे गेलो. तिने देवापाशी दिवा लावला, हात जोडले. मग पदराने फोन पुसला आणि म्हणाली, "थांब बापा, दुकान वाढवतो पह्यले."

तिच्या तोंडचा तो शब्द मी पहिल्यांदाच नीट ऐकला. दुकान बंद केलं असं आपण म्हणत नाही. नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. आणि दिवस मावळला की दुकान वाढवतात. मी लिहिलं होतं मुदतीचं वाढवणं, आणि गाव दाबत होतं आवरण्याचं वाढवणं. सगळेच दुकान आवरताना ते बटण दाबत होते आणि सकाळी दुकान उघडत होतं, त्यामुळे कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

"मामी, हे बटण तू दाबतेस?"

"हाव. ह्याइचे हात ओले रायचे. मनायचे, तू वाढव वं. तवापासून मीच वाढवतो. गेले त्या सांजीलेही वाढवलं. आता तं रोज हात जोडून वाढवतो, की झालं तुमचं दुकान, आता सुटा."

मी तिला समजावून सांगितलं.

"म्हंजे मीच बलावून राह्यली होती ह्याइले?"

तिचा अंगठा बटणाच्या वर तसाच थांबला होता.

"नाही दाबलं तं?"

"उद्या हाळी येणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने फोन पालथा ठेवला. दिव्याची वात पुढे सारली. मग विचारलं, "लोकं गेले तिथं, तं काय दिसन?"

"पान सापडले नाही."

"असं नको लिहू. रोजचे लोकं हायत. लिही, येतो म्हणून गेले."

त्या एका पत्त्यासाठी मी वेगळा रूट लिहिला. पुढे कोणी अडगळ समजून तो काढू नये, म्हणून त्याची टेस्टही लिहिली. बाकीच्यांच्या बटणावर आता 'उद्या दुकान लावायचं?' असं आहे. दुसऱ्या सकाळी मी मामीकडेच होतो. नेहमीची वेळ झाली, फोन काही बोलला नाही. मामीने चहा एकच कप केला आणि तो मला दिला.

पुढच्या आठवड्यात मी तिला लेकीकडे जायला बसमध्ये बसवत होतो. मामांचं एक जुनं, बाहेरगावचं गिऱ्हाईक फोन हातात घेऊन खिडकीशी आलं. "मामी, इथं लिहलं हाय, येतो म्हणून गेले. कवा येतात?"

"येतो मनले," मामी म्हणाली. "कवा, ते नाही सांगतलं."

गाडी सुरू झाली. तिने खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "येतो बापा."